कल्पनेतल्या साम्राज्याचे दर्जे आणि घराणी: मालकी कोणाची?

महोदया,

आपले पत्र आणि सोबतची नोटिशीची प्रत मिळाली. इतर वाचकांना विषय समजावा म्हणून, आपली ओळख उघड होणार नाही अशा बेताने, हकीकत आधी थोडक्यात मांडणे आवश्यक आहे. आपण सोलापूरच्या पूर्व भागातील एका विणकर कुटुंबातल्या. महाविद्यालयात असताना आपण आणि आपल्या मैत्रिणीने मिळून एक काल्पनिक साम्राज्य रचले. त्यात माणसाचा दर्जा त्याच्या अंगावरच्या वस्त्राच्या काठावरून ओळखला जातो: सप्तकाठ, पंचकाठ, त्रिकाठ आणि एककाठ ही चढत्या-उतरत्या मानाची घराणी, आणि त्यांच्या खाली ज्यांना काठच विणण्याची मनाई आहे ते बिनकाठ. किताब बापाकडून मुलाकडे न जाता आत्याकडून भाचीकडे जातो, सप्तकाठ घराण्यातल्या मुलीने खालच्या घरात लग्न केले तर तिच्या काठाचा एक धागा काढला जातो, आणि शपथ मोडणाऱ्या सरदाराचा काठ भर दरबारात उसवला जातो. हे सगळे नियम, मानपान, खंडणी, वारसा आणि शिक्षा यांसह आपण एका जाड वहीत लिहून काढले आणि त्या वहीला ‘दर्जानामा’ असे नाव दिले. मैत्रीण त्याच साम्राज्यातल्या कथा लिहीत असे.

गेल्या वर्षी मैत्रिणीची कादंबरी पुण्यातील एका प्रकाशनाने काढली. तिच्या परिशिष्टात आपला दर्जानामा थोड्याफार फरकाने, काठांच्या रेखाचित्रांसह छापला आहे, आणि आपले नाव केवळ ऋणनिर्देशात आहे. आपण स्वतः बिनकाठ समाजावर कादंबरी लिहीत असल्याचे जाहीर करताच मैत्रिणीच्या वकिलांची नोटीस आली: संपूर्ण साम्राज्य आणि त्यातील सरदारव्यवस्था ही अशिलाची निर्मिती आहे, पंधरा दिवसांत लेखन थांबवल्याचे लेखी कळवावे, अन्यथा नुकसानभरपाईचा दावा आणि फौजदारी तक्रार दाखल होईल. शिवाय आपल्या भावाला आपल्या यंत्रमागावर त्या काठांचे नॅपकिन विणून विकायचे आहेत, आणि तेही करता येईल का, असे आपण विचारले आहे.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देतो, म्हणजे पुढचे वाचताना मनावर ताण राहणार नाही. ते साम्राज्य कायद्याच्या दृष्टीने तुम्हा दोघींपैकी कोणा एकीचे नाही. दर्जानामा मात्र आपला आहे.

नोटिशीतील सर्वांत मोठा दावा असा आहे की सरदार घराण्यांना जमिनीचा वसूल तोडून द्यायचा आणि बदल्यात त्यांनी घोडदळ बाळगायचे, ही रचना मैत्रिणीच्या मालकीची आहे. हा दावा टिकणारा नाही. मराठेशाहीतला सरंजाम याच तत्त्वावर चालत होता, आणि अकबराच्या मनसबदारीत तर ‘जात’ (येथे अर्थ व्यक्तिगत दर्जा) आणि ‘सवार’ अशा दोन आकड्यांनी माणसाचा मान आणि त्याने बाळगायचे स्वार ठरत असत. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांची वतने पिढ्यानपिढ्या चालली, आणि वतनांच्या भांडणांचे महजर, म्हणजे निवाडपत्रे, आजही वाचायला मिळतात. अकलकोटचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत आपल्याच परिसरात मानकऱ्यांची उतरंड प्रत्यक्ष नांदत होती. अशा इतिहासावरून कोणीही कल्पना घ्यावी आणि त्यावर नवे साम्राज्य उभे करावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. कल्पना, विषय, कथासूत्र आणि ऐतिहासिक वा पौराणिक तथ्ये यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो त्या कल्पनेला लेखकाने दिलेल्या रूपावर, मांडणीवर आणि शब्दांवर. दोन्ही कृती वाचणाऱ्या सामान्य वाचकाचे ‘ही दुसरी कृती पहिलीची नक्कल आहे’ असे निःसंदिग्ध मत झाले पाहिजे, ही त्या निकालातली कसोटी आजही लावली जाते. ‘वस्त्रावरून दर्जा ठरणारे साम्राज्य’ ही म्हणूनच कल्पना आहे आणि ती सर्वांना मोकळी आहे. ‘सप्तकाठ’ किंवा ‘बिनकाठ’ हा सुटा शब्दसुद्धा, कितीही सुंदर असला तरी, कॉपीराइटचा विषय होणे अवघड आहे. केवळ शीर्षकावर कॉपीराइट नसतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आहे, आणि एकेका नावाची गतही बहुधा तीच होईल.

मात्र येथे थांबलो तर आपल्यावर अन्याय होईल. आपल्या वहीची जी पाने आपण पाठवली आहेत, ती केवळ कल्पना नाहीत. पंचकाठ घराण्यातील विधवेने काठ कोणत्या बाजूला घ्यावा, एककाठ माणसाने सप्तकाठाच्या दारातून किती पावले मागे चालत जावे, भाची अल्पवयीन असेल तर किताबाचा सांभाळ कोणी करावा, बिनकाठ बाईने सप्तकाठाच्या मुलाला दूध पाजले तर त्या मुलाचा काठ कोणत्या रंगाचा होतो, असे शेकडो नियम आपण निवडले, एका क्रमाने लावले आणि आपल्या शब्दांत लिहिले. निवड, क्रम आणि शब्द या तिन्हींमध्ये जेव्हा माणसाचे कसब आणि विवेक दिसतो तेव्हा ती मूळ साहित्यकृती ठरते. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोदक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मांडलेली कसोटी याहून बरीच सौम्य आहे, आणि दर्जानामा तीत सहज उतरतो. कथा नसलेल्या लेखनाला, म्हणजे नियमांच्या वहीला, संरक्षण नसते असा समज आपल्या पत्रात दिसतो. तो मनातून काढून टाका. उलट माझ्या मते अशा काल्पनिक जगाच्या निर्मितीत सर्वांत अधिक कष्ट याच भागात असतात, आणि नेमके याच भागाचे श्रेय वाटेत हरवते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मालकीविषयी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा लेखक असतो. आपण मैत्रिणीची नोकरी करत नव्हता आणि तिच्याकडून मोबदला घेऊन लिहीत नव्हता, त्यामुळे वही आपली आहे. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी दस्त लागतो. तसा कोणताही कागद आपण केलेला नाही. मैत्रिणीच्या कथांवर त्याच न्यायाने तिची मालकी आहे. दोघींचे काम एकमेकांपासून वेगळे काढता येते, म्हणून संपूर्ण साम्राज्य ही कायद्याच्या अर्थाने संयुक्त कृती होत नाही.

अपवाद शपथांचा आहे. किताब घेताना सरदार ज्या शपथा उच्चारतात त्या आपण दोघींनी फोनवर बोलत बोलत, एकीने अर्धी ओळ सांगायची आणि दुसरीने पुरी करायची, अशा रचल्या असे आपण लिहिले आहे. कोणाचा शब्द कुठे संपतो हे सांगता येत नसेल तर त्या शपथा संयुक्त कृती ठरतात, आणि अशा कृतीचा एक सहमालक दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला परवाना देऊ शकत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. याचा अर्थ मैत्रिणीने त्या शपथा आपल्याला न विचारता प्रकाशनाला दिल्या हे चुकले. पण आपणही त्या तिच्या संमतीशिवाय छापू नयेत. सुदैवाने आपल्या कादंबरीतील बिनकाठांना शपथ घेण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे ही अडचण आपल्याला फारशी जाणवणार नाही.

आपल्या बाजूतील सर्वांत कच्चा दुवा आपणच प्रामाणिकपणे कळवला आहे, आणि तो मी लपवणार नाही. मैत्रिणीने ‘तुझा दर्जानामा कादंबरीत घेऊ का?’ असे व्हॉट्सॲपवर विचारले, तेव्हा आपण ‘घे की, आपलंच आहे ते’ असे उत्तर दिले होते. या एका ओळीने मालकी गेली नाही, हे निश्चित. पण समोरचे वकील ती ओळ परवानगी म्हणून न्यायालयासमोर ठेवतील, आणि न्यायाधीशांना ती किमान कादंबरीच्या कथेत दर्जांचा वापर करण्यापुरती संमती वाटू शकते. तसे झाले तर परिशिष्टाबद्दल नुकसानभरपाई मिळणे कठीण होईल. आपले उत्तर असे राहील की कथेत व्यवस्था वापरणे वेगळे आणि वहीच्या वही स्वतःच्या नावावर छापणे वेगळे. हे उत्तर योग्य आहे, तरी त्यावर न्यायालय काय म्हणेल याची खात्री कोणीही वकील देणार नाही.

परवानगी मानली गेली तरी एक हक्क आपल्यापाशी उरतोच. कलम ५७ लेखकाला आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा स्वतंत्र हक्क देते, आणि कॉपीराइट विकून टाकला तरीही तो हक्क संपत नाही. ऋणनिर्देशात ‘हिच्याशी झालेल्या गप्पांबद्दल आभार’ असे लिहिणे म्हणजे लेखिका म्हणून नाव देणे नव्हे. परिशिष्टावर ‘दर्जानामा’च्या लेखिका म्हणून आपले नाव छापले जावे, ही मागणी आपल्या प्रकरणातील सर्वांत भक्कम मागणी आहे आणि तिच्यापासून मागे हटू नये, असा माझा आग्रह आहे.

आपली कादंबरी आपण लिहू आणि प्रकाशित करू शकता. दर्जे, नियम, शिक्षा, वारसा हे सर्व आपलेच आहे. मैत्रिणीच्या कादंबरीतील पात्रे, तिने रचलेली युद्धे आणि कारस्थाने, तिचे संवाद आणि प्रसंगांची तिची साखळी यांना मात्र हात लावू नका. आपण पाठवलेल्या कच्च्या खर्ड्यात सप्तकाठ घराण्यातील जी म्हातारी किताबधारीण तिसऱ्या प्रकरणात येते ती मैत्रिणीच्या कथेतील पात्राशी नाव, व्यंग आणि बोलण्याची लकब या तिन्ही बाबतींत जुळते. ती बदला. प्रकाशनापूर्वी आपला खर्डा आणि तिचे पुस्तक शेजारी ठेवून पानागणिक टिपण करा: कोणती गोष्ट वहीतली, कोणती तिची, कोणती दोघींची, आणि कोणती नव्याने सुचलेली. हे काम कंटाळवाणे असले तरी उद्या न्यायालयात उभे राहावे लागलेच तर हेच टिपण आपली ढाल होईल.

नोटिशीकडे वळू. नोटीस म्हणजे निकाल नव्हे, तरी तिला उत्तर दिलेच पाहिजे, आणि मुदतीत दिले पाहिजे. कलम ६३ खालील गुन्ह्याला किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले आहे. म्हणून फौजदारी कारवाईचा उल्लेख हसण्यावारी नेऊ नका. मात्र या गुन्ह्यासाठी जाणूनबुजून उल्लंघन व्हावे लागते. आपले पुस्तक अजून छापलेलेही नाही, आणि मालकीचा खराखुरा वाद आपल्या हस्ताक्षरातील वहीवर उभा आहे. उत्तरात हे संयमाने आणि कागदपत्रांच्या आधाराने मांडले तर तक्रारीची धार बरीच बोथट होईल. कलम ६० प्रमाणे निराधार धमकीविरुद्ध आपणही दावा लावून ‘उल्लंघन झालेले नाही’ असे जाहीर करून घेऊ शकता. समोरच्या बाजूने तत्परतेने स्वतःचा दावा दाखल करून चालवला तर तो मार्ग बंद होतो.

उत्तर पाठवण्याच्या आधी किंवा त्याच दिवशी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्याला कळवल्याशिवाय हुकूम देऊ नये अशी पूर्वसूचना, दाखल करा, आणि ते सोलापूर व पुणे अशा दोन्ही जिल्हा न्यायालयांत करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे फिर्यादीला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, आणि आपली मैत्रीण लग्नानंतर पुण्यात राहते. कॅव्हेट नव्वद दिवस चालते, आणि त्या काळात आपले म्हणणे ऐकल्याशिवाय मनाई हुकूम होण्याची भीती बरीच कमी होते. हीच सोय आपल्याही उपयोगाची आहे: आपल्याला दावा लावावा लागला तर त्यासाठी पुण्याच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत. नुकसानभरपाईसाठी मुदत उल्लंघनापासून तीन वर्षांची आहे.

तरीही दावा ही पहिली पायरी असू नये असे मला वाटते. दाव्याचे मूल्य तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर तो व्यापारी न्यायालयात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. त्याच प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, ही गोष्ट आपल्या पत्रातील फीच्या काळजीचे उत्तर म्हणून मुद्दाम नोंदवतो. मध्यस्थीत प्रकाशकालाही बोलवा. लेखकाने ‘हे लेखन माझे स्वतःचे आहे’ अशी हमी प्रकाशन करारात सहसा दिलेली असते, त्यामुळे परिशिष्टाचा वाद मिटावा असे प्रकाशकाला मैत्रिणीपेक्षा अधिक तीव्रतेने वाटेल.

तडजोड झाली तर ती तोंडी ठेवू नका. पुढील आवृत्तीत परिशिष्टावर आपले नाव, परिशिष्टापुरता मानधनातील वाटा, दोघींनीही त्या साम्राज्यात स्वतंत्र कथा लिहिण्याची मुभा, एकीने नव्याने घातलेला दर्जा किंवा घराणे दुसरीने कोणत्या अटींवर वापरावे, आणि चित्रपट, वेबमालिका वा खेळासाठी साम्राज्य द्यायचे झाल्यास दोघींच्या सह्या आवश्यक, एवढे तरी लिहून घ्या. कराराची मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. हक्क लेखी दिले पण मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत धरला जातो, हे फार जणांना उशिरा कळते.

पुराव्याबद्दल थोडेसे. मूळ वही जशी आहे तशीच ठेवा. पाने फाडू नका, अक्षर सुवाच्य करू नका, राहिलेल्या तारखा आता घालू नका. ईमेल आणि व्हॉट्सॲपचे संदेश भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील प्रमाणपत्रासह सादर करावे लागतील, तेव्हा तो फोन विकू नका आणि संभाषण पुसू नका. ‘घे की’ हा संदेशसुद्धा पुसू नका, कारण तो मैत्रिणीकडे आहेच आणि त्याआधी तिने ‘तुझा दर्जानामा’ असे लिहिले आहे, हे आपल्याच उपयोगाचे आहे. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते आणि साहित्यकृतीसाठी तिचे शुल्क पाचशे रुपये आहे. अर्ज करताना हितसंबंध सांगणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे मैत्रिणीला, सूचना द्यावी लागेल.

शेवटी काठांच्या नॅपकिनचा प्रश्न, ज्याला आपण पत्रात दोन ओळी दिल्या आहेत आणि ज्यात सर्वांत मोठा धोका आहे. ती रेखाचित्रे आपण काढलेली नाहीत. जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी, नक्षीची कार्डे पाडण्याचे काम करणाऱ्या आपल्या मावसभावाने ती काढली. वर्णन आपले असले तरी चित्राचा कर्ता चित्रकार असतो, म्हणून चित्रांचा हक्क त्याचा आहे. त्याच्याशी प्रेमाचे संबंध असले तरी आधी त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या. हे काठ त्याने पारंपरिक सोलापुरी नक्षीवरून उचललेले असतील तर तेवढ्या भागावर कोणाचाच हक्क सांगता येणार नाही, तेही त्याला विचारून घ्या.

त्यानंतर मागावर काहीही चढवण्यापूर्वी डिझाइन्स कायदा, २००० खाली नोंदणी करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ती यांत्रिक पद्धतीने पन्नासहून अधिक वस्तूंवर उमटवली, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. यंत्रमागावर पन्नास नॅपकिन विणायला वेळ तो किती लागतो! कापडावरील नक्षीच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये याच कलमाचा आधार घेऊन संरक्षण नाकारले आहे. नोंदणी केल्यास दहा वर्षे आणि पुढे आणखी पाच वर्षे हक्क मिळतो, पण डिझाइन नवे आणि अप्रकाशित असावे लागते. चित्रे कादंबरीत छापून आल्यामुळे हरकत येऊ शकते. विश्वासाने दाखवलेली नक्षी दुसऱ्याने विश्वासभंग करून प्रकाशित केली तर ते प्रकाशन धरले जात नाही, अशी तरतूद त्या कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. तिचा आधार घ्यावा लागेल, आणि ‘घे की’ हा संदेश येथेही आडवा येईल. भावाला तोपर्यंत नमुना विणून कोणाला दाखवण्यापासून, प्रदर्शनात ठेवण्यापासून किंवा इन्स्टाग्रामवर टाकण्यापासून परावृत्त करा. ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालापुरते राखलेले नाव अशी नोंद, आहे, त्यामुळे मालावर ते नाव घालण्याचा विचार असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे का, तेही पाहा.

नोटीस हातात पडल्याच्या तारखेपासून पंधरा दिवस मोजा आणि या आठवड्यातच वकील नेमा. तोवर महाविद्यालयाच्या ग्रुपवर किंवा इतरत्र या वादाबद्दल काही लिहू नका, मैत्रिणीचा फोन आला तर ‘उत्तर लेखी देईन’ एवढेच सांगा. वकिलांकडे जाताना मूळ वही सोबत न्या, त्यांना ती पाहू द्या, पण त्यांच्या दप्तरी प्रत्येक पानाची छायाप्रत ठेवा आणि मूळ वही आपल्याच ताब्यात परत घ्या.